वर्लिनचा पिवळा ठिपका

वर्लिन टेरेलच्या घरात लोणच्याची बरणी उघडायची तर आधी वर्लिनला हाक मारावी लागते. झाकण त्याने इतकं आवळलेलं असतं की त्याची बायको नेडीन बरणी टेबलाच्या कडेवर आपटते, गरम पाण्याखाली धरते आणि शेवटी हात टेकते. झाकणावर पिवळ्या रंगाचा एक ठिपका असतो. तोच ठिपका नळाच्या नटावर, मागच्या दाराच्या बिजागरीवर, नेडीनच्या शिवणयंत्राच्या पायावर आणि चर्चमधल्या घडीच्या खुर्च्यांवरही आहे. एकतीस वर्षं वर्लिनने मोटारींच्या कारखान्यात पुढच्या सीटचे चार बोल्ट आवळले. सरकत्या पट्ट्यावरून गाडी समोर यायची, तो बोल्ट आवळायचा, पिवळा ठिपका द्यायचा आणि गाडी पुढे जायची. ठिपका दिला की त्या बोल्टची काळजी मिटली. एकतीस वर्षांत आपल्या जागेवरून एकही बोल्ट सैल गेला नाही, हे तो कुणी न विचारता सांगतो, आणि आमच्या गावात ते ऐकलं नाही असा माणूस आता उरलेला नाही.

त्याच्याकडे एकोणसत्तर सालची शेव्हेल आहे. गडद हिरवी, लांबलचक बोनेटची, पुढे एकच सलग सीट असलेली. लग्नाआधी तो नेडीनला न्यायला याच गाडीतून यायचा आणि नेडीनचा बाप इंजिनाच्या आवाजानेच दारात येऊन उभा राहायचा. सरळ रस्त्यावर ही गाडी सुटली की थांबवायला मन होत नाही. वळणावर मात्र ती पहिल्यापासून सैल बाजेसारखी डुलायची. त्या काळच्या बहुतेक दांडग्या गाड्यांचं तेच होतं. ताकद भरपूर, वळायची अक्कल कमी. तरुणपणी दोघांना त्याची मजा वाटायची. नेडीन वळणावर सीटवरून घसरत त्याच्या खांद्याला येऊन टेकायची आणि वर्लिन मुद्दाम वळणाचा रस्ता धरायचा.

गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात मात्र मजा राहिली नाही. दर वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नदीपलीकडच्या चर्चमध्ये गावजेवण असतं आणि नेडीन पर्सिमनचं पुडिंग घेऊन जाते. टेंभुर्णीच्या नात्यातलं हे फळ; झाडाखाली गळून पडलेलंच गोळा करायचं, चाळणीवर घासून गर काढायचा आणि साखर-ताक घालून मंद आचेवर भाजायचं. दोन दिवसांचं काम. तो भला मोठा ट्रे मांडीवर घेऊन ती बसली होती. दगडाच्या जुन्या खाणीपाशी रस्ता एकदम डावीकडे वळतो, तिथे समोरून ट्रक आला. वर्लिनने चाक फिरवलं, गाडी कलली, मागची बाजू सुटली, आणि खडीवरून घसरत शेव्हेल कुंपणाच्या तारेपासून वीतभर अंतरावर थांबली. कुणाला खरचटलंही नाही. पुडिंग मात्र काचेवर, डॅशबोर्डवर आणि नेडीनच्या निळ्या झग्यावर पसरलं होतं. घरी येईपर्यंत ती दोन्ही हातांनी दाराची कडी धरून बसली आणि उतरताना म्हणाली, "वर्लिन, या गाडीत मी परत बसणार नाही."

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ओरडलेलं दोन दिवसांत विरतं. हे विरलं नाही. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, नेडीन पिकअपमधून बाजारात जात होती आणि बहिणीच्या, विल्माच्या, व्हॅनमधून चर्चला जात होती. सेहेचाळीस वर्षं भरलेली त्याच्या उजवीकडची जागा रिकामी राहिली, आणि ती रिकामी जागा वर्लिनला गाडी चालवताना सारखी दिसायची. ऑगस्टच्या शेवटी त्याने जेवताना सांगितलं, "गाडीचं सगळं सस्पेन्शन बदलतो. स्प्रिंगा, शॉकअप, आर्म, सांध्यांतले रबरी बुश, आडवा दांडा, सगळं नवीन."

नेडीनने मक्याचं कणीस खाली ठेवलं. "पुडिंग मांडीवर राहील?"

"राहील."

"मग बघू," ती म्हणाली. "विल्माने माझ्यासाठी व्हॅनमध्ये जागा धरून ठेवलीय. तिला अजून नको म्हटलेलं नाही."

एवढ्यावर माणूस कामाला लागतो. सामानाची खोकी आली. त्यात माहितीचा कागद होता, तो वर्लिनने खोक्याच्या झाकणासारखाच बाजूला टाकला. ज्याने आयुष्यभर गाड्या बांधल्या त्याने कागद वाचायचा म्हणजे त्याच्या मते कमीपणाच. आठवडाभर तो गॅरेजमध्ये जॅक, पाने आणि शिव्या यांच्यात रमला. गंजलेले बोल्ट तापवून काढले, नव्या स्प्रिंगा दाबून बसवल्या, गाडी उचललेली आणि चाकं हवेत लोंबत असतानाच एकेक नट पूर्ण ताकदीने आवळला आणि प्रत्येकावर पिवळा ठिपका दिला. शेवटचा ठिपका देताना तो शीळ घालत होता.

गाडी खाली उतरवली आणि शीळ थांबली. गाडीचं नाक वर होतं. चांगलं दोन बोटं वर. तो बोनेटवर बसला, उड्या मारल्या, नाक खाली येईना. रस्त्यावर नेली तर प्रत्येक खड्डा पाठीत गेला, आणि खाणीच्या वळणावर गाडी डुलली नाही हे खरं, पण तिथल्या उंचवट्यावरून अशी उडाली की त्याचेच दात एकमेकांवर आपटले. पुडिंग मांडीवर राहिलं नसतं, छताला लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोनटच्या दुकानासमोर गाडी लावली तेव्हा ड्वाइट क्रोझियर आधीच खिडकीपाशी बसला होता. ड्वाइट वर्लिनबरोबर त्याच कारखान्यात होता, दरवाजे बसवायला, आणि तेव्हापासून वर्लिनच्या प्रत्येक कामात त्याला काहीतरी सांगायचं असतं.

"काय रे, गाडीने काय वास घेतलाय?" तो म्हणाला. "कुत्रं झाडावरच्या खारीकडे बघत बसतं तशी दिसतेय."

"नवीन स्प्रिंगा आहेत. बसतील."

"बसतील ना. आपल्या वयाला सगळंच हळूहळू बसतं."

"तू तुझा डोनट खा."

"खातोच आहे. नेडीनने बघितली का?"

वर्लिनने कॉफी अर्धी टाकली आणि निघाला. त्याला राग ड्वाइटचा आला नव्हता. नेडीनने गाडी बघितली होती, स्वयंपाकघराच्या खिडकीतून, आणि काहीच म्हटलं नव्हतं, याचा आला होता.

मग त्याने ठरवलं की स्प्रिंगाच चुकीच्या पाठवल्यात. सामानवाल्यांना फोन केला. पलीकडच्या मुलीने शांतपणे विचारलं, "साहेब, तुम्ही बसवताना कागदावरच्या पायऱ्या बघितल्या होत्या का?"

"बाई, तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून मी गाड्या आवळतोय."

तिने बिचारीने वाद न घालता दुसऱ्या स्प्रिंगा पाठवल्या. पुन्हा सगळं उघडलं, पुन्हा बसवलं. बोटांच्या सांध्यांवरची कातडी गेली, पाठ धरली. मागच्या वेळी काही सैल राहिलं असेल या संशयाने त्याने आता प्रत्येक नट आधीपेक्षा जास्त आवळला आणि जुन्या ठिपक्यावर नवा ठिपका दिला. गाडी खाली आली. नाक वर. होतं तिथेच, दोन बोटं.

त्याने हातातला पाना गॅरेजच्या भिंतीवर फेकला. भिंतीवर टांगलेल्या शिडीवर तो आपटला आणि शिडी खाली आली. नेडीन मागच्या दारात येऊन उभी राहिली, शिडीकडे बघितलं, वर्लिनकडे बघितलं आणि आत गेली.

चाकांची अलाइनमेंट करणाऱ्या माणसाकडेही तो जाऊन आला. त्याने गाडीचा पुढचा कोपरा धरून दाबला, सोडला, परत दाबला आणि डोकं खाजवत म्हणाला, "ही कुठेतरी अडकून बसलीय. मोकळी हालतच नाही."

"काही सैल नाही," वर्लिन म्हणाला. "मी स्वतः आवळलंय."

"सैल आहे असं मी म्हटलंच नाही," तो माणूस म्हणाला. पण हे ऐकायला वर्लिन थांबला नव्हता.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आला. परसातल्या झाडाखाली पर्सिमनं पडायला लागली आणि नेडीन रोज सकाळी बादली घेऊन बाहेर जायची. तिसऱ्यांदा गाडी उचलून वर्लिन खाली घुसला होता. आता आपण काय शोधतोय हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. नेडीन जेवायला बोलवायला आली तेव्हा तो पाठीवर पडून एका नटाशी झोंबत होता, आणि गाडीची चारही चाकं हवेत लोंबत होती.

ती जरा वेळ बघत राहिली. चाळीस वर्षं तिने गावातल्या पोरींचे लग्नाचे झगे बेतले होते. "हे असं लटकलेलं असतानाच घट्ट करतोस?" तिने विचारलं.

"मग कसं करणार?"

"मी झग्याची कड हँगरवर कधी पक्की केली नाही. पोरीला तो घालायचा, लग्नातलेच बूट घालायचे, सरळ उभी राहा म्हणायचं, मग टाचण्या लावायच्या. हँगरवर केलं की अंगावर चढल्यावर तो वर ओढला जातो."

"नेडीन, हा झगा नाही."

"नाहीच आहे."

"सोळाशे किलोची गाडी आहे. एकतीस वर्षं मी—"

"माहितीय," ती म्हणाली. "सूप गार होतंय. आणि विल्माला मी उद्या सांगणार आहे, येते म्हणून."

तो बाहेर आला नाही. सूप गार झालं. गाडीखाली पडल्या पडल्या त्याला एवढंच कळत होतं की आपण हरलोय, आणि का हरलोय हेसुद्धा आपल्याला कळत नाहीये. कळलं असतं तर निदान शिव्या कुणाला घालायच्या हे ठरवता आलं असतं. शेवटी त्याने ते सामानवाल्यांवरच ठरवलं. त्या मुलीला नाही, तिच्या साहेबाला फोन लावून चांगलं सुनावायचं. नंबर कागदावर होता. कागद कुठे गेला?

कागद स्वयंपाकघरात होता. नेडीनने तो गर गाळायच्या चाळणीखाली पसरला होता, टेबलावर डाग पडू नयेत म्हणून. वर्लिनने चाळणी उचलली आणि नारिंगी डागांमधून नंबर शोधू लागला. नंबराच्या वरच जाड अक्षरांत, चौकटीत छापलं होतं: सर्व नट आधी सैल ठेवावेत. गाडी स्वतःच्या चाकांवर, माणसांच्या नेहमीच्या वजनासह उभी करावी. त्यानंतरच शेवटचं आवळावं. हवेत आवळल्यास बुशमधलं रबर पिळलं जाईल आणि गाडी उंच व ताठ राहील.

त्याने ते दोनदा वाचलं. नेडीन सिंकपाशी भांडी घासत होती. तिने मागे वळून बघितलं नाही, पण घासायचा आवाज थांबला होता.

"हे तू वाचलं होतंस?" त्याने विचारलं.

"आज सकाळी. त्याच्यावरच तर काम करत होते."

"मग झग्याचं कशाला सांगत बसलीस? कागदावर लिहिलंय म्हणून सांगायचं."

"कागदाचं सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

वर्लिन खुर्चीत बसला. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. बोल्टाचा सैलपणा म्हणजे पाप, हे तो तरुणपणी शिकला आणि त्यावर त्याने आयुष्य काढलं. सीटच्या बोल्टांना ते बरोबरच होतं. सीट हलायची नसते. ही वस्तू हलायचीच होती, आणि त्याने तिला पुन्हापुन्हा लटकलेल्या अवस्थेत जखडून वर ठिपके दिले होते. अलाइनमेंटवाल्याने सांगितलं, फोनवरच्या मुलीने विचारलं, आणि तो प्रत्येकाला आपली एकतीस वर्षं ऐकवत बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने लाकडाच्या जाड ओंडक्यांचे चार चौथरे रचले आणि गाडी उचलून चारही चाकं त्यांवर टेकवली. आता वजन चाकांवर होतं आणि खाली शिरायला जागाही होती. मग पाना घेऊन त्याने पुढचा एक नट सैल केला. हात थांबत होता. आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःचा ठिपका मोडून नट मुद्दाम सैल ठेवत होता. नट अर्धा आटा फिरला आणि आतून कुणीतरी उसासा टाकावा तसा आवाज करत गाडीचा तो कोपरा खाली बसला. दुसरा नट, दुसरा कोपरा. नाक खाली आलं. वर्लिन बाहेर आला, लांब जाऊन उभा राहिला आणि बघितलं. गाडी सरळ उभी होती. एवढ्या आठवड्यांचा त्रास पंधरा मिनिटांत खाली बसला होता, याचाच त्याला जास्त संताप आला.

आता आवळायचं, पण माणसांच्या वजनासह. घरातलं जड पाणी मऊ करायच्या यंत्रात घालायच्या मिठाची पोती कोपऱ्यात होतीच. स्वतःच्या वजनाइतकी पोती त्याने सीटवर डावीकडे, स्टिअरिंगमागे, रचली. उजवीकडे किती ठेवायची हे त्याला माहीत नव्हतं. तो मागच्या दाराशी गेला.

"नेडीन, तुझं वजन किती?"

आतला नळ बंद झाला. "काय म्हणालास?"

"गाडीसाठी हवंय. किती पोती ठेवू ते कळत नाही."

"पोती?" ती हात पुसत दारात आली. "सत्तेचाळीस वर्षांत सांगितलं नाही ते आज मिठाच्या पोत्यांसाठी सांगू?"

"अंदाजे सांग."

"डॉक्टरलासुद्धा मी अंदाजेच सांगते."

"मग मी अंदाजाने ठेवतो."

"ठेवून तर बघ," नेडीन म्हणाली. ती आत गेली. परत आली तेव्हा तिच्या अंगावर रविवारचा कोट होता, पायात चर्चचे बूट होते आणि हातात पुडिंगचा ट्रे होता, पाण्याने भरलेला, वजन बरोबर यावं म्हणून. गॅरेजमध्ये येऊन तिने शेव्हेलचं उजवं दार उघडलं.

वर्लिनने दाराजवळचा जॅक बाजूला सरकवला. बोललो तर बिघडेल एवढं त्याला कळत होतं.

"ही चालत नाहीये ना?" ती म्हणाली. "मग ही गाडी नाही, खुर्ची आहे." आणि चौथऱ्यावर पाय देऊन ती चढून बसली, ट्रे मांडीवर घेतला आणि शेजारच्या पोत्यांकडे बघितलं. "हा नवरा बराय. कमी बोलतो."

वर्लिन खाली शिरला. वर तिचं वजन हललं की स्प्रिंग किंचित दबायची आणि त्याला ते दिसायचं. त्याने एकेक नट आवळायला घेतला, सावकाश, पाहिजे तेवढाच.

"झालं का?" तिने वरून विचारलं.

"दोन राहिलेत."

ते दोनही झाले होते. तो तसाच पडून राहिला. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, आणि गंजाची धूळ आता तिथे कुठेच नव्हती, कारण सगळं सामान नवीन होतं. मग त्याने खिशातली रंगाची बाटली काढली आणि प्रत्येक नटावर ठिपका दिला.

रविवारी विल्माची व्हॅन दारात आली तेव्हा नेडीन पायऱ्यांवर ट्रे घेऊन उभी होती. तिने विल्माला हाताने पुढे हो अशी खूण केली. विल्मा काही पुढे झाली नाही. ती मागेच राहिली. बहिणीला गोळा करायला जवळ असलेलं बरं, असं तिचं म्हणणं असणार.

नदीच्या रस्त्याने वर्लिन तीस मैलांनी चालला. खाणीचं वळण दिसलं तसा पंचवीस झाला, मग वीस. स्टिअरिंग त्याने असं धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. आपण सगळं बरोबर केलं असेल तर काही होणार नाही, आणि बरोबर केलं असं तर आपल्याला आधीही प्रत्येक वेळी वाटलं होतं. मागून विल्माने हॉर्न दिला.

"वर्लिन," नेडीन म्हणाली.

"हं."

"एवढे आठवडे शिव्या दिल्यास, शिडी पाडलीस, ती ट्रॅक्टरसारखी चालवायला?"

त्याने तिच्याकडे बघितलं नाही. पाय दाबला. शेव्हेल चाळीसने वळणात शिरली, जराशी कलली, रस्ता धरला आणि बाहेर आली. कुंपणाची तार बाजूने निघून गेली. नेडीनचा एक हात ट्रेच्या झाकणावर होता, आणि दुसऱ्या हाताने ती खिडकीची काच खाली करत होती.